‘बोलण्याची इच्छा नाही’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
शालेय शिक्षण विभाग,
प्रांत कार्यालय (दुसरा मजला, खोली क्र. ११)

अर्जदार: अरेकनाझ तुमास्यान, वय ७२, विधवा, राहणार वेरिन हात्साकार, चर्चच्या मागचे शेवटचे घर.

विषय: माझी नात सिरवार्द तुमास्यान (वय १२, इयत्ता सातवी) हिच्या इंग्रजी संभाषणाच्या तपासणीत लिहिलेला शेरा रद्द करणे व तिला दरीपलीकडच्या विशेष निवासी शाळेत हलवण्याचा आदेश मागे घेणे.

संदर्भ: आपला आदेश क्र. ४१७, दि. १ मार्च २०१०. गाडी येण्याची तारीख सोमवार, १२ एप्रिल २०१०.

महोदय,

१. हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर मोठे व वाकडे आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मी लिहा-वाचायला पासष्टाव्या वर्षी शिकले. मी सात वर्षांची असताना आई अंथरुणाला खिळली आणि मेंढ्या माझ्याकडे आल्या, त्यामुळे शाळेत गेले नाही. १९५६ साली सामूहिक शेताचे सचिव घरोघर फिरले. गाव शंभर टक्के साक्षर झाल्याचे त्यांना वर कळवायचे होते. त्यांनी मला विचारले, “पोरी, तुला वाचता येतं ना?” मी मान खाली घातली. त्यांनी ‘येते’ असे लिहिले. पुढची सत्तेचाळीस वर्षे मी सरकारदरबारी साक्षर होते आणि औषधाच्या बाटलीवरचे नाव शेजारणीकडून वाचून घेत होते. सांगण्याचे कारण एवढेच की, वहीत एक असते व माणसात दुसरे असते, हे मी अंगावर काढलेले आहे. यात उद्धटपणा वाटल्यास हे वाक्य वाचले नाही असे समजावे.

२. मला अक्षरे सिरवार्दने शिकवली. तिची आई ती दोन वर्षांची असताना वारली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, रशियात बांधकामावर गेला आणि आता त्याचे तिकडे दुसरे घर आहे. ती पहिलीत गेली तेव्हा रोज संध्याकाळी शेगडीजवळ अंकलिपी उघडून ती माझी शाळा घ्यायची. “आजी, ह्याला पोट आहे आणि त्याला नाही, नीट बघ ना!” “बघतेय गं बाई.” “बघत नाहीयेस, लोकर निवडतेयस. परत चुकलीस तर कोपऱ्यात उभी करीन.” आणि एकदा खरोखरच तिने मला कोपऱ्यात उभे केले. गुडघे दुखतात म्हटल्यावर म्हणाली, “मग कोपऱ्यात बस.” ज्या मुलीबद्दल आपल्या कागदात ‘संभाषणाची प्रेरणा आढळत नाही’ असे लिहिले आहे ती ही मुलगी आहे. मी एकोणचाळीस अक्षरी लिपी दोन हिवाळ्यांत पुरी शिकले नसते, जर तिचे तोंड दिवसभर चालू नसते.

३. आता घडले ते सांगते. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला, अक्रोड झोडपण्याच्या दिवसांत, आपल्या कार्यालयाचे निरीक्षक श्री. सेयरान पापोयान आमच्या शाळेत आले. मुले इंग्रजी बोलायला किती तयार आहेत हे परदेशी मदतीच्या नव्या योजनेखाली तपासायचे होते. किती येते हे नव्हे, किती तयार आहेत हे. त्यांच्याकडे छापील तक्ता होता आणि शेवटच्या रकान्यात ‘बोलण्याची इच्छा’ असे होते. ही सर्व माहिती मला इंग्रजीच्या झारुही बाईंनी दिली. त्या स्वतः वर्गात हजर होत्या आणि त्यांचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे.

४. सिरवार्दने तयारी केली नव्हती असे कोणी म्हणू नये. तिने आमच्या गावाबद्दल अकरा वाक्ये इंग्रजीत लिहिली होती आणि ती गोठ्यात गायीसमोर उभी राहून पाठ केली होती. मी धार काढत असे आणि ती बोलत असे. मला एक शब्द कळत नव्हता, पण कुठल्या वाक्याला ती हात वर करते आणि कुठल्या वाक्याला हसते हे मला पाठ झाले होते. नवव्या वाक्याला ती माझ्याकडे बोट दाखवायची. मी विचारले, “माझ्याबद्दल काय सांगतेस त्या साहेबाला?” ती म्हणाली, “ते इंग्रजीत आहे आजी, तुला नाही सांगणार.”

५. हजेरीपत्रकात तिचे नाव पहिले होते. साहेबांनी तिला पुढे बोलावले आणि इंग्रजीत, फार गोड आवाजात विचारले, ‘तुला तुझ्या गावाबद्दल मला काही सांगायला आवडेल का?’ सिरवार्दने डोळे खाली ठेवून उत्तर दिले, “नो, थँक यू.” साहेबांनी दुसऱ्यांदा विचारले, ‘मग तुझ्या घरच्यांबद्दल सांगतेस?’ ती म्हणाली, “नो, थँक यू.” उच्चार अगदी बरोबर होता असे झारुही बाई सांगतात. साहेबांनी रकान्यात खूण केली आणि म्हणाले, “पुढची.”

ती हलली नाही. तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उभी राहिली. झारुही बाई पुढे होऊन म्हणाल्या, “साहेब, एवढं आणखी एकदा विचारा. आमच्याकडे तशी रीत आहे.” साहेब म्हणाले, “बाई, मी इथे पाहुणचाराला आलो नाही. संध्याकाळपर्यंत मला अजून दोन गावं करायची आहेत.” मग बाईंनी खिडकीकडे जाण्याचे निमित्त करून बाकीच्या मुलांच्या कानात सांगितले, “पहिल्यांदाच हो म्हणा.” म्हणून बाकीच्या दहाही मुलांनी पहिल्यांदाच हो म्हटले. त्यातल्या वारुझान नावाच्या मुलाला इंग्रजीत स्वतःचे नाव आणि ‘कुत्रा’ एवढेच येते. त्याने ते तीनदा सांगितले. त्याच्यापुढे ‘अत्यंत इच्छुक’ असे लिहिले आहे.

६. आपण शहरातले आहात, म्हणून रीत समजावून सांगणे भाग आहे. आमच्या गावात कोणी काही देऊ केले तर पहिल्यांदा नाही म्हणायचे, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे. हा नखरा नाही. युद्धाच्या वर्षांत घराघरांत पीठ नव्हते, पण दारात आलेल्याला बस, जेव, असे म्हणावेच लागे. पाहुणा पहिल्यांदाच बसला असता तर त्या घराची अब्रू गेली असती. दोनदा नाही म्हटले की घरधन्याला माघार घ्यायला जागा राहते. खरोखर घरात भाकरी असेल तर तो तिसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारले नाही तर पाहुण्याने ओळखायचे, पोट भरल्याचे सांगायचे आणि उठायचे. माझ्या आईने मला असे कितीतरी घरांतून उठवून आणलेले आहे.

बोलण्याचेही तसेच. मोठ्या माणसासमोर, त्यातून परक्या पुरुषासमोर, विचारले रे विचारले की बडबडायला लागणारी मुलगी आमच्यात उथळ समजतात. माझे लग्न झाल्यावर मी सासऱ्यांसमोर तोंडावर कापड बांधून वावरत असे. सात वर्षे त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना पाणी हवे असे तेव्हा ते भिंतीकडे बघून सांगत आणि मी आणून ठेवत असे. ते वारले तेव्हा त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. गावाने मला शहाणी म्हटले. कोणी मला विशेष शाळेत पाठवले नाही.

७. आता जे लिहिते ते लिहायला मला दोन दिवस लागले. सिरवार्द पाच वर्षांची असताना मी तिला शेजारच्या आराक्स्याच्या घरी घेऊन गेले होते. आराक्स्याने भट्टीतून काढलेली गोड भाकरी पुढे केली आणि मुलीने पहिल्यांदाच हात पुढे करून घेतली. आराक्स्या हसून म्हणाली, “अगं घेऊ दे, तुझं दुखणं मला लागो, पोर आहे.” मीही हसले. घरी येताना वाटेत मी सिरवार्दला थोबाडीत मारली. ती रडत म्हणाली, “पण मला हवी होती ना.” मी म्हणाले, “हवी असली म्हणून काय झालं? तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, समजलं?” तिला समजले. त्यानंतर ती कधी चुकली नाही. या थपडेची नोंद कुठल्याही फाइलीत नाही, म्हणून ती मी येथे करत आहे. शिक्षा द्यायची असेल तर नाव माझे आहे.

८. त्या दिवशी ती वर्गाच्या दाराबाहेर शाळा सुटेपर्यंत उभी होती. साहेब गाडीत बसायला जाताना परत विचारतील, असे तिला वाटले. ते गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी तिचे नाव ‘नो-थँक-यू’ पाडले. विहिरीवर बायकाही चेष्टा करू लागल्या. आराक्स्या मला म्हणाली, “अरेकनाझ, तुझ्या नातीने साहेबालाच पाहुणा करून उठवून लावलं की गं!” सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण तेव्हा मला ते हसण्यासारखेच वाटत होते. नोव्हेंबरात सिरवार्द इंग्रजीच्या तासाला बोलेनाशी झाली. डिसेंबरात कुठल्याच तासाला बोलेनाशी झाली.

९. जानेवारीत आपल्या कार्यालयाने तिला तपासणीसाठी बोलावले. बर्फातून बसने आम्ही चार तासांनी पोहोचलो. टेबलापलीकडे तिघे जण बसले होते आणि मध्ये बिस्किटांची बशी होती. त्यातल्या बाईंनी म्हटले, “घे बाळ, बिस्कीट घे.” सिरवार्दने मान हलवून नको म्हटले. बाईंनी बशी आपल्याकडे ओढली आणि तिघांनी ती बिस्किटे खाल्ली. मुलीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. मी बोलायला तोंड उघडले तर मला सांगण्यात आले, “आजी, तुम्ही मध्ये बोलू नका, आम्हाला मुलीचा प्रतिसाद बघायचाय.” अहवालाच्या तिसऱ्या ओळीत लिहिले आहे की, ‘मूल अन्नालाही प्रतिसाद देत नाही.’ त्याच्याखाली शाळा बदलण्याची शिफारस आहे.

१०. आपण म्हणाल, मग तिसऱ्यांदा विचारून का घेतले नाही. तेही झाले. फेब्रुवारीत श्री. पापोयान शाळेची शेगडी व लाकडे तपासायला आले असताना झारुही बाईंनी त्यांचे हात धरले. साहेब चांगला माणूस आहे, मी त्यांना वाईट म्हणत नाही. ते म्हणाले, “बरं बाई, तुमच्या समाधानासाठी.” त्यांनी सिरवार्दला सर्व शाळेसमोर उभे केले आणि या वेळी आपल्या भाषेत, मोठ्याने विचारले, “बोलायचंय की नाही बोलायचं? एकदाच काय ते सांग.” तिने तोंड उघडले. मागच्या बाकावरून वारुझान म्हणाला, “नो, थँक यू.” सगळी शाळा हसली. तिचे तोंड बराच वेळ उघडे राहिले, असे बाई सांगतात. आवाज आला नाही. साहेबांनी ‘तीन वेळा संधी देण्यात आली’ अशी नोंद केली. मार्चपासून झारुही बाईंचे तास निम्मे केले आहेत. त्या माझ्याशी अजून बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

११. आपला आदेश ४ मार्चला आला. पोस्टमन आमच्याकडचे टपाल सिरवार्दच्याच हाती देतो, कारण घरात भराभर वाचणारी तीच. तिने तो वाचला आणि मला काही सांगितले नाही. आठवड्याभराने पलंगाखाली मला बोचके दिसले. त्यात लोकरीचे मोजे, कंगवा, तिच्या आईचा रुमाल आणि दोन वह्या होत्या. मी विचारले, “कुठे निघालीस?” ती पिठाच्या पेटीकडे गेली, पिठाखालून आदेश काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी बोट ठेवून वाचू लागले. मला दीड तास लागला. ‘स्थलांतर’ या शब्दावर मी अडले आणि तिच्याकडे पाहिले. ती समोरच बसली होती. अडलेला शब्द तिने मला सांगितला नाही, असे पहिल्यांदा घडले.

आता ती घरातही बोलत नाही. गोठ्यातही नाही. मी दाराआड उभी राहून ऐकले आहे.

१२. आदेशात लिहिले आहे की, वडिलांनी तीस दिवसांत हरकत कळवली नाही तर त्यांची संमती समजण्यात येईल. मी मुलाला फोन करवून घेतला. तो म्हणाला, “आई, तिकडे निदान पोटभर जेवायला तरी मिळेल तिला.” मागे कोणी लहान मूल रडत होते. हरकत कळवतोस का, असे विचारले तर फोन बंद झाला. म्हणजे तो गप्प राहिला तर होकार धरला जातो आणि त्याची मुलगी गप्प राहिली तर नकार धरला जातो. हे दोन्ही एकाच कार्यालयाने, एकाच कागदावर लिहिले आहे. मी उशिरा शिकलेली बाई आहे, समजण्यात चूक झाली असेल तर कोणीतरी समजावून सांगावे.

१३. ती विशेष शाळा मी स्वतः जाऊन पाहून आले. तिथल्या मुलांबद्दल मला वाईट लिहायचे नाही. ती मुलेच आहेत. पण तिथे सातवीचा वर्ग नाही आणि इंग्रजी नाही. मी पहारेकऱ्याला विचारले, “इथून मुलं परत आपल्या शाळेत जातात का?” तो म्हणाला, “आजीबाई, मी इथे एकोणीस वर्षं आहे.” आणि त्याने सिगारेट पेटवली.

सबब, विनंती अशी की:

(अ) ‘बोलण्याची इच्छा नाही’ हा शेरा काढून त्या जागी ‘विचारण्यात चूक झाली’ असे लिहावे. ते जमत नसेल तर जागा कोरी ठेवावी.

(आ) आदेश क्र. ४१७ मागे घ्यावा व सिरवार्दला तिच्या वर्गात, तिच्या बाकावर राहू द्यावे. ती वर्षभर बोलली नाही तरी चालेल. तिला कोणी विचारू नये व कोणी हसू नये, एवढे वर्गाला सांगावे. बाकीचे मी आणि झारुही बाई बघू.

(इ) तिच्या बोलण्याची तपासणी पुन्हा करायचीच असेल तर आपण स्वतः आमच्या घरी यावे. आधी कळवण्याची किंवा कागदांची गरज नाही. चुक्याची आंबट पाने वेणी घालून वाळवलेली आहेत, त्यांचे सूप करीन. रात्रीची बस चुकली तर झोपायची सोय आहे. आपण तिच्याशी बोलू नये, माझ्याशी बोलावे. ती ऐकत बसेल. किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही.

(ई) यातले काहीच मान्य होण्यासारखे नसेल आणि सोमवारी गाडी येणारच असेल, तर एवढे त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कळवावे. सिरवार्दला भाकरी हवी का, असे विचारले तर ती नको म्हणेल. पुन्हा विचारले तर पुन्हा नको म्हणेल, आता मानेनेच म्हणेल. तिला भूक नाही असे समजू नये. ती उपाशी आहे. शंभर मुलांच्या पंगतीत प्रत्येकाला तीनदा विचारायला माणसे नसतील, हे मला समजते. तसे असेल तर तिला विचारूच नये. ताटात वाढावे आणि पुढे जावे.

एवढे केल्यास उपकार होतील.

तारखेआधी उत्तर मिळावे अशी आशा धरून असलेली,

अरेकनाझ तुमास्यान
(सही स्वतःची. अंगठा नाही.)

वेरिन हात्साकार
दि. २९ मार्च २०१०

सोबत:
१. आदेश क्र. ४१७ ची प्रत (पीठ लागलेले आहे, झटकले आहे).
२. इंग्रजी शिक्षिका झारुही बाई यांचे निवेदन, दोन पाने.
३. सिरवार्दच्या वहीतले एक पान, गावाबद्दलची अकरा वाक्ये. हे पान तिला न विचारता काढले आहे. त्यातले नववे वाक्य मी कोणाकडून वाचून घेतलेले नाही. काम झाल्यावर पान परत मिळावे.